बोल्टचा काळा रंग घासला गेला की खाल्ला गेला?

प्रश्न थोडक्यात असा. देवगडच्या बाजूला, समुद्राच्या गाजेवर घर. वडिलांकडून वारसाने आलेली .३१५ बोरची ईशापुरी रायफल, परवाना बारा वर्षांपूर्वी प्रश्न विचारणाऱ्यांच्या नावावर झाला. या बारा वर्षांत मोजून तीस-बत्तीस फैरी झाडल्या, त्याही रेंजवर. यंदा दिवाळीनंतर बोल्ट (काडतूस नळीत ढकलून मागून बंद करणारा सरकता दांडा) पुसायला घेतला तर एका अंगाचा काळा रंग ठिकठिकाणी उडालेला आणि दुसरं अंग मात्र नव्यासारखं. परवानाधारक दुकानात नेऊन बोल्ट उघडून घेतला, तर आतल्या फायरिंग पिनवरही (काडतुसावर ठोका मारणारी सळई) फिकट पट्टे. दुकानदार म्हणाला, "बोल्ट झिजलाय, दुसरा घाला. नाहीतर सगळं परत ब्लू करून घ्या." (ब्लू करणं, ब्ल्यूइंग, म्हणजे हा काळा रंग देणं.) आता यांना कळत नाही की एवढ्याशा वापरात बोल्ट झिजला कसा, आणि झिजला तो एकाच बाजूने का.

मी सैन्यात ईएमईमध्ये, म्हणजे यंत्रं आणि शस्त्रं दुरुस्त करणाऱ्या दलात, आर्मरर (शस्त्रांचा कारागीर) म्हणून चोवीस वर्षं काढली. निवृत्तीनंतर अकरा वर्षं चिपळूणला दुरुस्तीच्या एका परवानाधारक दुकानात बसतो. तुम्ही पाठवलेले नऊही फोटो मी मोठे करून पाहिले. माझ्या मते तुमचा बोल्ट झिजलेला नाही. त्याचा रंग खाल्ला गेलाय. आणि तो चालवताना नव्हे, ठेवलेला असताना खाल्ला गेलाय. बोल्ट बदलू नका आणि परत ब्लू करण्याची घाईही करू नका. मात्र पुढे सांगतो त्या चार जागा तपासून होईपर्यंत एकही फैर झाडू नका.

आधी हा काळा रंग म्हणजे काय ते समजून घ्या, कारण सगळा घोळ तिथेच होतो. लोकांना वाटतं की ब्ल्यूइंग म्हणजे भांड्याला कल्हई करतात तसा वरून चढवलेला थर. तसं नाही. कॉस्टिक सोडा आणि नायट्रेटच्या १४० अंशांच्या आसपास उकळणाऱ्या द्रावणात पोलाद बुडवलं की त्याचाच वरचा पापुद्रा काळ्या ऑक्साइडमध्ये बदलतो. हा पापुद्रा साधारण एक मायक्रॉनचा असतो. डोक्याचा केस सत्तरेक मायक्रॉन धरला तर त्याचा सत्तरावा भाग. म्हणून रंग गेला याचा अर्थ माप गेलं असा होत नाही. बोल्ट खऱ्या अर्थाने झिजतो तेव्हा जे माप जातं ते यापेक्षा कितीतरी मोठं असतं, आणि ते गेजवर दिसतं. नुसत्या डोळ्यांनी पाहून "बोल्ट झिजलाय" असं म्हणणं मला पटत नाही.

दुसरी गोष्ट, हा पापुद्रा एकटा गंज रोखत नाही. त्याच्या बारीक छिद्रांत तेल धरलं जातं आणि गंज रोखतं ते तेल. त्यामुळे कुठलं तेल लावलं यावर सगळं ठरतं. त्याकडे येतोच.

पोलादावरचा काळा रंग दोन तऱ्हांनी जातो. एकतर घासून, नाहीतर काहीतरी लागून. दोन्हींच्या खुणा वेगळ्या असतात आणि एकदा ओळखता आल्या की परत चुकत नाहीत. घासलेल्या जागेला दिशा असते. घड्याळजीचं दहा पटीचं भिंग लावा आणि बॅटरीचा उजेड तिरका पाडा, म्हणजे एकाच दिशेला गेलेल्या बारीक रेघा दिसतील. ही झीज नेहमी उंचवट्यावर, कडेवर, कोपऱ्यावर आधी येते. जागा आरशासारखी चमकते आणि तिच्या कडेला काळा रंग हळूहळू विरळ होत जातो. खाल्लेल्या जागेला दिशा नसते. ती मंद, धुरकट राखाडी दिसते, चमकत नाही. तिची कड नकाशातल्या किनाऱ्यासारखी वेडीवाकडी आणि ठसठशीत असते, इथवर काळं आणि इथून पुढे पांढरट. शिवाय ती उंचवट्यापेक्षा खोबणीत, सांध्यात, खालच्या अंगाला जास्त असते, कारण पातळ पदार्थ साचतो तिथेच.

घासण्याचं एक खास कोकणी कारण सांगतो, कारण तुमच्या दुकानदाराच्या मनात बहुधा तेच असेल. आपल्याकडची जांभ्याची लाल धूळ. एप्रिल-मे महिन्यात जीपमधून कच्च्या रस्त्याने रायफल नेली की ही धूळ बोल्टवरच्या ओल्या तेलात बसते. जांभ्यात लोखंडाची ऑक्साइडं भरपूर, आणि सोनार दागिन्याला चमक आणायला जी लाल पूड वापरतो तीही लोखंडाचं ऑक्साइडच. म्हणजे तेलात कालवलेली जांभ्याची धूळ ही आयती पॉलिशची पेस्ट झाली, आणि बोल्ट पुढे-मागे केला की पॉलिश सुरू. अशा रायफलींचे बोल्ट मी चांदीसारखे झालेले पाहिलेत. २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर चिपळुणात आमच्याकडे ज्या बंदुका आल्या, त्यांत गाळ आतपर्यंत गेला होता. काही मालकांनी गाळ धुण्याआधीच "चालतोय का बघू" म्हणून बोल्ट वीस-पंचवीस वेळा ओढला होता. त्या बोल्टांवर चहूबाजूंनी लांबच लांब ओरखडे होते. घासणं म्हणजे काय ते तिथे पाहावं. (ही लाल धूळ आणि गंज यांत गल्लत होते म्हणून सांगतो, तेलाच्या चिंदीने एकदा पुसा. धूळ निघून येते, गंजाचा डाग जागीच राहतो.)

आता तुमचे फोटो. बोल्टच्या उजव्या अंगाला जी लांब पट्टी आहे तिच्यावरची चमक, मागच्या तिरक्या खाचेवरची चमक आणि कॉकिंग पीसच्या (पिनच्या मागच्या टोकाला बसलेला तुकडा) खालच्या जिभेवरची चमक, या तिन्ही जागा घासलेल्या आहेत आणि त्या तशाच असायला हव्यात. .३१५ ची ठेवण जुन्या ली-एनफिल्डची आहे. तिच्यात बोल्ट पुढे ढकलताना स्प्रिंग चढते, त्यामुळे तिरकी खाच आणि ती जीभ यांच्यावर प्रत्येक वेळी जोर येतो. वडिलांच्या काळातही रायफल चाललेली आहे, तेवढी चमक येणारच. पुढच्या बोल्ट हेडला जी जांभळट झाक दिसते तिचीही काळजी नको. ते हेड वेगळा तुकडा आहे, आट्यांवर बसवलेला. त्याचं पोलाद किंवा कडकपणा जरा वेगळा असला की तोच काळा रंग त्यावर जांभळट उतरतो किंवा वर्षांनी तसा होतो. दोष नाही तो.

चौथा फोटो मात्र पाहताच मी खुर्ची पुढे ओढली. बोल्टच्या डाव्या-खालच्या अंगावर जो फिकट पट्टा आहे, तो मोठा करून पाहा. त्यात उभ्या-आडव्या रेघा आहेत. एकमेकींना काटकोनात, सारख्या अंतरावर. कुठल्याही घासण्याने अशा रेघा येत नाहीत, कारण बोल्ट पुढे-मागे जातो आणि थोडा फिरतो, आडवा सरकत नाही. ते कापडाचं विणकाम आहे. धागा जिथे पोलादाला टेकला तिथे रंग गेला आणि दोन धाग्यांच्या मधल्या पोकळीत राहिला. हँडलच्या मुळाशी, जिथे कापड टेकू शकत नाही, तिथे रंग जसाच्या तसा आहे.

मग मी तुम्हाला विचारलं, बोल्ट कसा ठेवता? तुम्ही कळवलंत की बोल्ट रायफलीपासून वेगळा काढून, जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून, दुसऱ्या कुलपात लाकडी पेटीत ठेवता, आणि ठेवण्याआधी खोबरेल तेलाने चांगला माखता, वडिलांची पद्धत तशीच होती म्हणून. बोल्ट वेगळ्या कुलपात ठेवायची सवय फार चांगली आहे, ती सोडू नका. बिघडलं ते खोबरेल आणि धोतर या जोडीमुळे.

खोबरेल आपल्या घरात हाताशी असतं, स्वच्छ दिसतं, वास चांगला. पण ते खनिज तेल नाही. त्यातल्या फॅटी ॲसिडांपैकी जवळजवळ निम्मं लॉरिक ॲसिड असतं. तेल ताजं असताना ते बांधलेलं असतं. ओल लागली, दिवस गेले, की ते सुटं होतं आणि तेल खवट होतं. हे सुटं ॲसिड लोखंडाला लागलं की तपकिरी, मेणचट असा लोखंडाचा साबण तयार होतो. तुमच्या दुकानदाराने बोल्ट उघडल्यावर आतून "जुनं ग्रीस" निघालं असं तुम्ही लिहिलंत. ते ग्रीस बहुधा नव्हतंच. नखाने खरवडून वास घ्या. साबणासारखा, खवट खोबऱ्याचा वास आला तर समजा. त्यातच घरात खारा वारा. तुमच्या खिडकीच्या गजावर बोट फिरवून जिभेला लावलंत तर खारट लागेल, तेच मीठ धोतराच्या फडक्यात होतं. साधं मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की हवेतून पाणी ओढून स्वतःच विरघळतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, ते तर ३३ टक्क्यांनाच ओलं होतं. म्हणजे कोकणात ते वर्षभर ओलंच. तेलाने भिजलेलं, मीठ धरलेलं, खवट झालेलं फडकं बोल्टच्या एका अंगाला महिनोन्महिने चिकटून राहिलं. पेटीत बोल्ट नेहमी हँडल वर करून ठेवला जात होता, म्हणून तेल ओघळून एकाच अंगाला साचलं. तुमचा "एकाच बाजूने का" हा प्रश्न इथे सुटतो.

फायरिंग पिनचं कोडंही याच वाटेने सुटतं, आणि मला ते सगळ्यात बोलकं वाटलं. सातव्या फोटोत पिनवर तिरके फिकट पट्टे आहेत. ते सारख्या अंतरावर आहेत आणि फक्त एका बाजूला. या रायफलीत पिनच्या भोवती मुख्य स्प्रिंग बसते. त्या पट्ट्यांमधलं अंतर स्प्रिंगच्या वेढ्यांमधल्या अंतराएवढंच आहे. आठव्या फोटोत स्प्रिंग पिनच्या शेजारीच ठेवलेली आहे, तिच्याशी ताडून पाहा. चालण्याने स्प्रिंग पिनवर घासली असती तर पिन पुढे-मागे होताना लांबट उभे ओरखडे आले असते. इथे प्रत्येक वेढा जिथे टेकला तिथे, तेवढ्याच जागी, रंग गेलाय. म्हणजे पिन हलत नव्हती. वेढा आणि पिन यांच्या चिंचोळ्या फटीत तेल धरून राहिलं आणि हळूहळू खात राहिलं.

खोबरेलाबद्दल आणखी एक. माघात पहाटे घरातल्या बाटलीतलं खोबरेल थिजतं ते तुम्ही पाहताच. चोवीस अंशांच्या खाली ते घट्ट व्हायला लागतं. बोल्टच्या पोटातलं खोबरेलही तसंच थिजतं, पिनची गती मारतं आणि काडतुसाच्या टोपीवर, म्हणजे बुडातल्या पेटणाऱ्या भागावर, ठोका हलका बसतो. थंडीच्या दिवसांत "काडतुसं खराब आहेत, उडत नाहीत" म्हणून माझ्याकडे आलेल्या बंदुकांत दोष बहुतेक वेळा काडतुसांचा नव्हता. न उडालेलं काडतूस क्षणभराने उडू शकतं, म्हणून हा नुसता गैरसोयीचा मामला नाही. नळीचं तोंड सुरक्षित दिशेला धरून निदान अर्धा मिनिट थांबल्याशिवाय बोल्ट उघडायचा नाही.

तुम्ही लिहिलंय की २०२४ च्या लोकसभा निवडणुकीच्या वेळी रायफल पोलिसांकडे जमा केली होती आणि जूनमध्ये परत मिळाली. ते महिनेही या हिशेबात धरावे लागतील. आपल्याकडे मतदान ७ मे ला होतं आणि निकाल ४ जूनला. शस्त्र परत मिळेपर्यंत आगोट आलेली असते. दोन-अडीच महिने कॅनव्हासच्या खोळीत, भिंतीला टेकून, बाकीच्या पन्नास बंदुकांबरोबर. तिथे कुणी रोज पुसत बसणार नाही, आणि तशी अपेक्षा धरणंही बरोबर नाही. तयारी आपण करून द्यायची. जमा करण्याच्या आदल्या दिवशी नळी आणि बोल्ट कोरडे पुसून खनिज तेलाचा जाडसर हात द्या. खोळ चामड्याची किंवा जुन्या कॅनव्हासची असेल तर आत गंजरोधक व्हीसीआय कागदाचा एक थर गुंडाळा. पावतीवर नंबर तपासून घ्या. परत मिळाली की घरी आणल्या आणल्या उघडा, "रविवारी बघू" म्हणू नका. पावसाळ्यात एक रात्र पुरते.

आता त्या चार जागा. हे काम परवानाधारक दुकानातच करून घ्या. शस्त्र कायद्यात बनवणं, विकणं याच्या जोडीने दुरुस्ती आणि चाचणी यांनाही परवाना लागतो, त्यामुळे गावातला हुशार फिटर कितीही ओळखीचा असला तरी त्याच्याकडे नेऊ नका.

पहिली जागा म्हणजे लग. बोल्ट बंद झाल्यावर दाब झेलतात त्या दोन जागा: उजवीकडच्या लांब पट्टीची मागची बाजू आणि समोरच्या अंगाचा आखूड लग. दोन्हींच्या मागच्या तोंडावर चमक सारखी हवी. एकावर चमक आणि दुसऱ्यावर काळा रंग अखंड असेल तर सगळा दाब एकटाच झेलतोय. तुमच्या फोटोत दोन्हीकडे चमक दिसते. पण फोटोवर विसंबून मी तुम्हाला फैर झाडायला सांगणार नाही. तिथे हेडस्पेसचा (बंद बोल्ट आणि काडतूस यांच्यातल्या जागेचा) गेज लागलाच पाहिजे. आणि म्हणूनच म्हणतो, विनाकारण दुसरा बोल्ट घालू नका. या ठेवणीच्या रायफलीत बोल्ट त्या त्या रायफलीच्या बॉडीला जुळवून बसवलेला असतो, नंबरही तोच ठोकलेला असतो. कुठून तरी आणलेला बोल्ट वरून नवाकोरा दिसेल, पण लग कुठे टेकतात आणि काडतुसामागे किती जागा राहते हे सगळं नव्याने तपासावं लागेल. चांगला जुळलेला बोल्ट रंगासाठी टाकून देणं मला तरी जिवावर येतं.

दुसरी जागा बोल्टचं तोंड, पिनच्या भोकाभोवती. तिथे बारीक खड्ड्यांचं वर्तुळ असेल तर ते टोपीतून गळलेल्या वायूचं काम असतं. थोडं असेल तर चालतं, भोकाची कड तुटलेली असेल तर नाही. जुन्या काळच्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असायचं. ते जळून जे क्षार मागे राहतात ते मिठाचेच भाऊ. तेलाने ते जात नाहीत, पाण्याने जातात. वडिलांच्या वेळची काडतुसं झाडली गेली असतील तर हे तोंड नीट बघा. तिसरी जागा पिनचं टोक. ते गोल, गुळगुळीत आणि पूर्ण हवं. टोकावर खड्डा किंवा धार असेल तर पिन बदलायची, तिथे चर्चा नाही. पट्टे मात्र नुसत्या रंगाचे असतील तर राहू द्या. कापसाचा बोळा त्यावरून फिरवा. तंतू अडकला तर खड्डा आहे, सरळ निसटला तर नुसता डाग आहे.

चौथी जागा स्प्रिंग, आणि इथे मात्र मी कडक आहे. स्प्रिंगवर डाग चालतो, खड्डा चालत नाही. रोज दबणाऱ्या-सुटणाऱ्या तारेत तडा सुरू होतो तो अशाच एखाद्या सुईच्या टोकाएवढ्या खड्ड्यातून. स्प्रिंग स्वस्त आहे, बदलून टाका.

आणि कुणी "ॲसिडमध्ये बुडवून साफ करून देतो" म्हणालं तर स्प्रिंग त्याच्या हातात देऊ नका. माझ्या नोकरीच्या तिसऱ्या वर्षी ही चूक मी स्वतः केलीय. इन्स्पेक्शन दुसऱ्या दिवशी होतं, एका रायफलीची मुख्य स्प्रिंग लालभडक झालेली. मी ती बाजारी ॲसिडच्या वाटीत दहा मिनिटं ठेवली. काढली तर लखलखीत. धुतली, तेल दिलं, बसवली, चाप ओढून पाहिला, ठोका खणखणीत. खूश होऊन झोपलो. सकाळी रॅकवरून रायफल घेतली तर बोल्ट ढिला लागला. उघडला तर स्प्रिंगचे तीन तुकडे. रात्रभर कुणी हातही लावला नव्हता. आमच्या उस्तादांनी तुकडे तळहातावर घेऊन मला तुटलेली तोंडं दाखवली, दाणेदार, साखरेसारखी. ॲसिडमधून निघणारा हायड्रोजन कडक पोलादात शिरतो, आणि ताणाखाली बसलेली तार काही तासांनी आपोआप तडकते. बाहेर काढल्या काढल्या दोनशे अंशांच्या आसपास काही तास भाजली असती तर वाचण्याची शक्यता होती. मला ते तेव्हा ठाऊकच नव्हतं. ती रायफल सकाळी तपासली गेली म्हणून ठीक. त्या दिवसापासून स्प्रिंग आणि ॲसिड मी एका टेबलावरही ठेवत नाही. बाजारात मिळणारे बहुतेक गंज काढायचे द्रव म्हणजे फॉस्फोरिक ॲसिडच. ते गंजाबरोबर तुमचा उरलेला काळा रंगही मिनिटभरात उतरवतील.

चारही जागा ठीक निघाल्या तर करायचं काम फार थोडं आहे. दुकानात बोल्ट सुटा करून घ्या. आतलं खवट चिकट आधी रॉकेल किंवा मिनरल टर्पेंटाइनने धुवा. मग बोल्टची बॉडी, फक्त बॉडी, स्वच्छ पाण्यात वीस मिनिटं उकळा. पाणी डिस्टिल्ड किंवा पावसाचं गाळलेलं. तुमच्या बोअरवेलचं नको, किनाऱ्यावरच्या बोअरवेलला खारटपणा असतो. उकळण्याने दोन कामं होतात. फटींमधलं मीठ विरघळून बाहेर येतं, जे तेलाने कधीच येत नाही. आणि जिथे नुकता लाल गंज धरलाय तो उकळत्या पाण्यात काळ्या ऑक्साइडमध्ये बदलतो. अगदी बारीक स्टील वूलने हलका हात फिरवला की सैल काळं निघून जातं, धरलेलं राहतं. जुन्या कारागिरांची रस्ट ब्ल्यूइंगची पद्धत याच तत्त्वावर चालायची. गरम असतानाच पुसा, वाळवा, आणि कोमट धातूला खनिज गन ऑइल द्या. कोमट धातू तेल चांगलं पितो. पिन आणि आतली बाजू मात्र जवळजवळ कोरडी ठेवा, बोटाला जेमतेम लागेल एवढंच तेल.

ब्ल्यूइंग परत करून घ्यायचं का? बाहेरून दिसणारा भाग तसा बघवत नसेल तर त्याचं करा. पण आतल्या भागांचं करू नका असं माझं स्पष्ट मत आहे. गरम टाकीत घालण्याआधी कारागीर भाग बफवर घासून चकचकीत करतो, आणि त्या बफवर लगच्या कडा आणि कॉकिंग पीसच्या जिभेची धार गोल होते. एक मायक्रॉन रंगासाठी तुम्ही खरं माप घालवून बसता. आज जी झीज नाही ती अशी तयार होते. बाटलीतला थंड ब्लू तर आतल्या भागांना अजिबात नको. तो काळा ऑक्साइड नसतोच, तांबं आणि सेलेनियम यांचा पातळ लेप असतो. पाच-पन्नास वेळा बोल्ट ओढला की उडतो, आणि नीट धुतला नाही तर त्यातलं ॲसिड खालून परत खायला लागतं.

ठेवण्याबद्दल. लाकडी पेटीऐवजी कुलपाचं लोखंडी कपाट घ्या आणि त्यात तळाला पंधरा वॅटचा जुन्या पद्धतीचा, तारेचा बल्ब लावा. एलईडी नको, त्याला ऊब नसते. आपल्याकडे पावसाळ्यात कॅमेरे, दुर्बिणी लोक असेच सांभाळतात. बाहेर २८ अंश आणि ९० टक्के आर्द्रता असली, आणि कपाटातली हवा पाचच अंशांनी तापून ३३ झाली, तर आतली आर्द्रता ६७-६८ टक्क्यांवर येते. मिठाच्या ७५ च्या खाली. पूर्वी ठासणीच्या बंदुका चुलीच्या वर, माळ्याला टांगलेल्या असायच्या, तेही याच कारणाने टिकत. सिलिका जेलच्या पुड्या ठेवायच्या असतील तर ठेवा, पण कपाटाच्या फटी बंद नसतील तर जुलैत आठवड्याभरात त्या भरून जातात. रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर परत कोरड्या कराव्या लागतात. बोल्टसाठी दुसरं कुलूप, आणि त्यात व्हीसीआय कागदाची घडी. कापड नको, चामडं तर नकोच, कमावलेल्या चामड्यात राहिलेले क्षार ओल धरतात. हात लावल्यावर घामाचे ठसे पुसूनच ठेवायचा. सैन्यात आम्हाला फुलत्रू (नळी साफ करायची दोरी) आणि चिंदी यांच्याइतकंच ते अंगवळणी पाडलं होतं. आषाढ-श्रावणात दर पंधरा दिवसांनी, एरवी महिन्यातून एकदा बघायचा. गन ऑइल मिळालं नाही तर शिवणयंत्राचं तेल चालेल. ते खनिज असतं, पातळ असतं, म्हणून लवकर परत द्यावं लागतं एवढंच.

गेज लावून झाला की आकडा आणि बोल्टच्या तोंडाचा एक जवळून काढलेला फोटो पाठवा. लगांच्या मागच्या तोंडांचाही, उजेड तिरका धरून. जुनी स्प्रिंग दुकानदाराकडून मागून घ्या आणि तिच्या खालच्या अंगावर भिंग लावून पाहा, पिनवरच्या पट्ट्यांच्या समोरासमोर तिच्यावरही डाग सापडतील. आणि ते धोतराचं फडकं धुवून परत वापरू नका. धुतल्यावर ते स्वच्छ दिसेल, पण धाग्यात मुरलेलं खवट तेल सगळं निघत नाही. आजच चुलीत घाला.